कोल्हापूर-वेंगुर्ला-कोल्हापूर, एका रविवारात

आत्येभावाचा मुंबईहून फोन आला की वेंगुर्ल्याचं घर तो मार्चपासून एकाला होमस्टे चालवायला देतोय, टाइल्स, बाथरूम, रंग सगळं बदलणार, तेव्हा बघायचं असलं तर आत्ताच जाऊन या. फोन स्पीकरवर होता. आई मेथी निवडत बसली होती, तिनं मान वर न करता विचारलं, "एका दिवसात हुतंय का जाऊन येणं?"

होतंय. म्हणजे अंग आंबतं, पण होतंय. मुक्काम करायचा तर बारक्याची सोमवारी चाचणी, बायकोला बँकेत मार्चएंडची घाई, मला सुट्टी नाही. म्हणून फेब्रुवारीतला शेवटचा रविवार ठरवला. आम्ही पाच जण: आई (बहात्तर पूर्ण), मी, बायको, थोरली आठवीत आणि बारकं तिसरीत.

थोडं आधीचं सांगतो. १९८६ पासून दहा-अकरा वर्षं आमचा प्रत्येक मे महिना आत्याकडं गेला. बाबा आम्हाला सीबीएसवर, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या एसटी स्टँडवर, सकाळच्या गाडीत बसवून द्यायचे आणि स्वतः शेवटच्या चार दिवसांत न्यायला यायचे. लाल एसटी, खिडकीसाठी ताईशी मारामारी, हातात लिंबू, आईच्या पिशवीत भाकरी आणि खर्डा, आणि आंबोली घाटात ठरलेल्या वळणाला ठरलेली उलटी. दुपारी कधीतरी वेंगुर्ल्याचा स्टँड यायचा आणि आत्याचे यजमान सायकल घेऊन उभे असायचे. माझ्या डोक्यात सुट्टी या शब्दाचं चित्र आजही तेच आहे.

पहाटे पावणेपाच, कोल्हापूर

साडेचारला निघायचं ठरलं होतं, पावणेपाचला निघालो, आमच्या घरच्या हिशोबानं हा विक्रमच. कागल, मग दूधगंगा ओलांडली की कर्नाटक, कोगनोळीचा टोल, निपाणी. निपाणीत टाकी फुल केली. कर्नाटकात पेट्रोल आपल्यापेक्षा थोडं स्वस्त मिळतं आणि कोल्हापूरकर माणूस ते भरल्याशिवाय पुढं जात नाही, मग वाचलेल्या पैशाचा चहा पिऊन हिशोब बरोबर करतो. आम्हीही केला.

निपाणीतून उजवीकडं वळून उत्तूर, आजरा. या रस्त्यानं अर्ध्या-पाऊण तासात महाराष्ट्र, कर्नाटक आणि परत महाराष्ट्र असं होतं, त्यामुळं बारक्याला दोनदा "आता आपण दुसऱ्या राज्यात" सांगावं लागलं, आणि दोन्ही वेळा तो झोपला होता.

आजऱ्याच्या पुढं उजाडलं. थंडी एवढी की काचा लावून घेतल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूला काजू, मोहोर आलेला, मधूनमधून भाताची कापून पडलेली खाचरं. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ इथलाच, २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आईला मानांकनाचं काही नाही, तिचं म्हणणं, घनसाळ शिजताना शेजारच्या घरात कळलं पाहिजे, नाहीतर तो घनसाळ नव्हेच. येताना घेऊ म्हणालो. (घेतला नाही. येताना आजऱ्यात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तुम्ही जाताना घ्या.)

आंबोली

सव्वासातला आंबोली. पावसाळ्यात इथं शनिवार-रविवारी गाडी हलत नाही, पण फेब्रुवारीत आंबोली म्हणजे रिकामं नाट्यगृह. मोठ्या धबधब्याच्या जागी ओला काळा कातळ आणि एक बारीक धार. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव या दिवसांत इतकं कोरडं असतं हे पोरांना पटेना. थोरली म्हणाली, "पप्पा, तुम्ही ज्याच्याखाली भिजायचा म्हणून सांगता तो हाच काय?" हाच.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाला जायचं प्रत्येक वेळी ठरतं आणि प्रत्येक वेळी "येताना थांबू" म्हणून राहतं. तिथल्या देवळाजवळच्या कुंडात माशाची एक नवीन जात सापडली, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. बोटभर माशासाठी सरकारनं एवढं करावं याचं मला कौतुक आहे. पण याही वेळी येताना थांबू म्हणालो.

टपरीवर चहा आणि गरम वडे. आईनं खर्डा-भाकरी काढली. मी म्हटलं, "अगं वडे घेतलेत की." ती म्हणाली, "घाटाच्या आधी भाकरी खाल्लेली बरी, पोटात बसती." तीस-पस्तीस वर्षांपूर्वीही हेच सांगायची, आणि तेव्हाही पोटात बसायची नाही. यंदा मान बारक्याचा. वळणही बहुतेक तेच.

घाटाबद्दल: हा जुना पारपोली घाट. कोकण रेल्वे, हायवे यातलं काही नव्हतं तेव्हा घाटावरचा माल इथून उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जायचा. आता रस्ता चांगला आहे पण अरुंद आहे, वळणावर ट्रक आला तर थांबून त्याला जाऊ द्या. माकडांसमोर गाडीची काच उघडी ठेवू नका. आणि ज्याला गाडी लागते त्याला पुढं बसवा, मागं बसवून पिशवी हातात देण्यात अर्थ नाही, हे आम्ही बारक्याला मागं बसवून सिद्ध केलं.

दाणोलीत घाट संपला तशी हवा एकदम बदलली. स्वेटर निघाले, काचा खाली आल्या, फणसाच्या आणि ओल्या पाचोळ्याच्या वासाची ती जड हवा आत आली आणि आई कितीतरी वेळानं बोलली, "आलं बघ कोकण."

साडेआठ, सावंतवाडी

मोती तलावाच्या कडेला गाडी लावून पंधरा मिनिटं पाय मोकळे केले. बायकोला चितारआळीत लाकडी खेळणी बघायची होती, पण दुकानं अजून उघडली नव्हती. तुम्हाला खेळणी घ्यायची असतील तर येताना दुपारी नाहीतर संध्याकाळी लवकर या, लाकडी फळांची टोपली आणि भातुकली अजून चांगली मिळते.

इथंच शोध लागला की पोरांच्या कपड्यांची बॅग घरी चपलांच्या रॅकवर राहिली. कुणी ठेवली, कुणी घ्यायची होती, यावर होडावडा, तुळस ही सगळी गावं मागं पडेपर्यंत चर्चा झाली. निष्कर्ष असा निघाला की चूक माझी.

साडेनऊ, वेंगुर्ला

आधी बाजारात गेलो, कारण कपडे. वेंगुर्ल्याला स्वतःचं क्रॉफर्ड मार्केट आहे, इंग्रजांच्या वेळचं. लहानपणी मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं मुंबईवाल्यांनी नाव इथून घेतलं. जवळच्याच एका दुकानात दोघांना दोन हाफ पँटी घेतल्या. दोन्हीवर 'गोवा' लिहिलेलं. वेंगुर्ला लिहिलेली नाही का विचारलं तर दुकानदार म्हणाला, "ती कोण घेतलो?"

मासळीच्या बाजारात रविवारची गर्दी. कोळणीच्या पुढ्यात सुरमई, बांगडे, सौंदाळे, एका टोपलीत मुडदुशे. आम्हाला काही शिजवायचं नव्हतं, पण आई एकेका टोपलीपुढं थांबून बांगड्याचा कल्ला उचलून बघत होती, अगदी सराईतपणे. मला याचं नवल वाटलं कारण आमच्या घरी रविवारी मटण, मासे वर्षातनं एकदोनदा, तेही साफ करून आणलेले.

कोळणीनं विचारलं, "खंयसून इलास?"

"कोल्हापूर."

"मगे मटान सोडून हंय कित्या इलास गो बाय?" आणि स्वतःच हसली. मग आईला म्हणाली, "तुमका बरा कळता म्हावऱ्यातला."

आई म्हणाली, "मी लई मासं धुतल्यात इथं." आमच्याकडं बायका मी येतो, मी जातो असंच बोलतात, आई तर हमखास, आणि त्यावर आत्याच्या शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या.

ओले काजूगर मात्र घेतले. फेब्रुवारी-मार्च हेच त्यांचे दिवस, नगावर मिळतात, शंभराच्या हिशोबात. सोलून हाताची कातडी जाते म्हणून शक्यतो सोललेले घ्या आणि घरी गेल्या गेल्या उसळ करा, दुसऱ्या दिवशी ती चव राहत नाही. काजूचं आणि वेंगुर्ल्याचं नातं नुसतं बाजाराचं नाही. इथल्या फळ संशोधन केंद्रात काजूच्या जाती तयार झाल्या, 'वेंगुर्ला चार', 'वेंगुर्ला सात' ही नावं आजऱ्या-चंदगडच्या बागायतदाराला तोंडपाठ असतात. घाटावर बघितलेली झाडं इथल्याच वाणाची असतील असं पोरांना सांगितलं. त्यांना त्यात रस नव्हता, त्यांना समुद्र पाहिजे होता.

अकरा, आत्याचं घर

घर उभादांड्याला. समुद्रापासून चालत दहा मिनिटं. रात्री पडवीत झोपलं की गाज ऐकू यायची, पहिल्या रात्री झोप लागायची नाही आणि कोल्हापूरला परत गेल्यावर पहिल्या रात्री तिच्याशिवाय झोप लागायची नाही.

किल्ली शेजारच्या काकूंकडं होती. घर माझ्या आठवणीपेक्षा बरंच लहान निघालं. ज्या पडवीत आम्ही अकरा पोरं ओळीनं झोपायचो तिथं आता माझ्या हिशोबानं पाच मावतील. विहीर मात्र तेवढीच खोल, आत दगड टाकून थोरलीनं आणि मी एकदमच "एक, दोन" मोजलं, हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. मागच्या अंगणात माड सहा होते, आता चार. न्हाणीघरातला तांब्याचा हंडा गेलेला, चुलीच्या मागची भिंत अजून काळी.

मी प्रत्येक खोलीत जाऊन फोटो काढत होतो. आई सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिथंच उभी राहिली. बाकी घर तिनं बघितलंच नाही. मी आत गेलो तर ती खिडकीतून बाहेर बघत होती. खिडकी लहान, गजांची, बाहेर केळ आणि शेजाऱ्याची भिंत. म्हणाली, "ही केळ तवा नव्हती. तवा नुसती भिंत दिसायची."

तेवढ्यात किल्लीवाल्या काकूंची सासू काठी टेकत आली. नव्वदीची असेल. आईला जवळ येऊन निरखून बघितलं, आणि ओरडलीच, "अगो बाय माज्या! भाकरेवाली वयनी मगे ही!"

नाव तिला आठवत नव्हतं. पण आई कोल्हापूरहून जोंधळ्याचं पीठ घेऊन यायची आणि आत्याच्या घरी सगळ्यांना भाकरी करून घालायची, त्यातली एक-दोन रोज कुंपणावरून पलीकडं जायची, हे आठवत होतं. इथं भाकरी तांदळाची, त्यामुळं ती जोंधळ्याची पातळ, पापुद्रा सुटलेली भाकरी म्हणजे त्यांच्या पोरांना मोठं अप्रूप. म्हातारी सांगत होती, "पंचवीस मानसां असत घरात, आनि ही सकाळपासून थाप थाप थाप. आमका हयसर आवाज येय."

त्या दोघी पायरीवर बसून अर्धा तास बोलल्या, एक मालवणीत आणि एक कोल्हापुरीत, आणि दोघींना सगळं कळत होतं. पोरं कंटाळली. निघताना म्हातारीनं आईच्या ओटीत नारळ घातला, आणि आईनं पिशवीतली उरलेली भाकरी काढून तिच्या हातात दिली. सकाळची, गार. तिनं ती कपाळाला लावली.

एक, जेवण

बंदराकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक घरगुती खानावळ, पाच टेबलं, बाहेर नंबर लावलेली माणसं. पाऊण तास थांबलो. इथला अनुभवाचा सल्ला: रविवारी साडेबाराच्या आत बसा, नाहीतर चांगले मासे संपतात आणि उरलेल्यावर भागवावं लागतं. आम्ही आत गेलो तेव्हा सुरमईच्या दोनच तुकड्या उरल्या होत्या, त्या पोरांना दिल्या, मोठ्यांनी बांगडा घेतला. आणि बरं झालं घेतला. बांगड्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं, जाडसर, उकड्या भाताबरोबर. तिरफळ चावायचं नसतं, कडेला काढायचं असतं, हे बायकोला सांगायचं राहिलं. तिची जीभ दहा मिनिटं बधिर होती, आणि कपड्यांच्या बॅगेचा विषय परत निघाला.

बारक्यानं सोलकढी बघून विचारलं, "हा पांढरा रस्सा गुलाबी कसा काय?" खानावळवाल्या मावशी इतक्या हसल्या की त्याला दुसरी वाटी फुकट मिळाली. कोल्हापूरचं पोर, त्याच्या जगात ताटाशेजारच्या वाटीत एकतर तांबडा असतो नाहीतर पांढरा.

आईला वाढलं जात होतं आणि ती सारखी उठायला बघत होती. "बसा हो आई," बायको म्हणाली, "इथं वाढायला माणसं आहेत." बसली, पण मावशींना स्वयंपाकघरात एकट्याच आहात काय, कणिक कोण मळतं, असं विचारत राहिली.

अडीच ते चार, बंदर

उन्हाचं काहीच करता येत नाही. फेब्रुवारी असला तरी दुपारी इथं घाम पुसून हात थकतो, त्यामुळं बाराच्या पुढं साडेतीनपर्यंत सावलीत काढायचं ठरवूनच या. आम्ही बंदरावर गेलो, टेकडीवर जरा वारं होतं. तिथून समुद्रात दूरवर वेंगुर्ला रॉक्स दिसतात, काळे ठिपके. आत्या सांगायची की मुंबईच्या बोटी इथं लागायच्या. त्याच्याही कितीतरी आधी, १६३७ च्या सुमाराला, डचांनी वेंगुर्ल्यात वखार काढली, तिचं पडकं बांधकाम अजून आहे. जाऊन बघितलं, भिंतीतून वडाची मुळं आलेली. थोरलीनं तिथं पंधरा फोटो काढले, सगळे स्वतःचे.

मला शिरोड्यालाही जायचं होतं. मिठागरं बघायची, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथं झाला. आणि वि. स. खांडेकर तिथल्याच शाळेत मास्तर होते, १९३८ मध्ये ते शिरोडा सोडून कोल्हापूरला आले. आम्ही उलट दिशेनं निघालेले. पण एका दिवसात वेंगुर्ला आणि शिरोडा दोन्ही धरायला गेलात तर दोन्ही गाडीच्या काचेतूनच दिसतात. एकच घ्या. मुक्काम असेल तर शिरोडा आणि रेडीचा गणपती दुसऱ्या दिवशी.

साडेचार, सागरेश्वर

हाच आमचा समुद्र. सुरूचं बन, खाली सुयांचा सडा, आणि बनातून बाहेर आलं की एकदम सगळं पांढरं आणि निळं. किनारा लांबलचक, माणसं तुरळक, वाळूत सीगलचा थवा बसलेला. बारकं धावत गेलं की थवा उठायचा, पन्नास पावलांवर परत बसायचा. असं त्यानं वीसएक वेळा केलं. सीगल दमले नाहीत, ते दमलं.

पाण्याचं सांगून ठेवतो, दिसायला शांत असतं पण आत ओढ आहे. पोरांना गुडघ्याच्या पुढं जाऊ देऊ नका, आणि आत शिरायच्या आधी किनाऱ्यावरच्या मासेमारांना विचारा, भरती आहे का ओहोटी ते त्यांना घड्याळ न बघता कळतं. कपडे बदलायला नीट सोय धरून येऊ नका, एक जुनी साडी आणली तर आडोसा होतो. आम्ही साडी आणली होती. बॅगेत होती.

पोरं भिजली, मी भिजलो, बायको "मी नाही येणार" म्हणत भिजली. आई सुरूच्या सावलीत चटईवर पिशव्या राखत बसली होती. थोरली ओली होऊन तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "आज्जी, चल की. तू पप्पांसोबत यायचीस तेव्हा पण अशीच बसायचीस काय?"

आई म्हणाली, "मी कवा आलो होतो?"

मी पाठीमागंच होतो, टॉवेल शोधत. मला वाटलं चेष्टा करतीय. म्हटलं, "असं काय करतेस, रोज संध्याकाळी यायचो की आपण."

"तुम्ही यायचा. तू, ताई, आत्याची पोरं, सगळी. पंचवीस माणसांचं रातचं जेवण कोण करणार? आत्या आणि मी घरातच. तुम्ही वाळू घेऊन यायचा, ती झाडायचं मागनं काम."

मी बोललोच नाही काही. डोक्यात एकेक वर्ष काढून बघत होतो, आणि कुठल्याच वर्षात आई किनाऱ्यावर नव्हती. फोटो आठवले, त्यातही नव्हती. फोटो बाबांनी काढलेले, म्हणून ते फोटोत नाहीत, आणि आई का नाही हे मी कधी विचारलंच नव्हतं. दहा-अकरा वर्षं, दर वर्षी जवळजवळ महिना, चालत दहा मिनिटांवर.

थोरलीनं विचारलं, "एकदा पण नाही?"

"एकदा गेलतो. रातचं. भांडी आवरल्यावर आत्या म्हणाली, चल वहिनी, जाऊन येऊ. अकरा वाजलं असतील. काळोखात काय दिसतंय, फेस तेवढा पांढरा दिसला. लगेच आलो, तू उठून रडशील म्हणून."

तू म्हणजे मी. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असणार, बारक्याएवढा.

थोरलीनं तिला हाताला धरून उठवलं. आईनं चपला काढून एकीवर एक नीट ठेवल्या, साडी थोडी वर खोचली आणि गेली. पाण्याशी जाऊन थांबली. पहिली लाट आली तेव्हा दोन पावलं मागं आली, दुसऱ्या लाटेला नाही. वाकून एक बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं, आणि मागं वळून आमच्याकडं बघून तोंड वाकडं केलं. मग पाण्याच्या कडेकडेनं चालायला लागली. थोरली थोडा वेळ बरोबर गेली आणि परत आली, म्हणाली, "आज्जीला एकटीला जायचंय."

आई बनाच्या पार टोकाकडं गेली, ठिपक्याएवढी झाली. सहा वाजले. मला घाट उजेडात चढायचा होता, निदान तसं ठरवलं होतं. बायको म्हणाली, "हाक मारू नका हो." नाही मारली. ती परत आली तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता आणि तिच्या पदरात शिंपले होते, बारकं हसलं की आज्जीनं माझ्यापेक्षा जास्त गोळा केले.

परतीचा प्रवास

सातला निघालो. सावंतवाडीत दुकानं उघडी होती, कोकम आगळाची बाटली, खाजं, आणि आईनं स्वतःच्या पैशानं अर्धा किलो सुका जवळा. मी नको म्हणत होतो. जवळा गाडीत न्यायचा असेल तर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, वर कागद, मग परत एक पिशवी, आणि तरीही डिकीत. आम्ही एका पिशवीत, मागच्या सीटखाली ठेवला. महिना होत आला, गाडीत बसणारा प्रत्येक माणूस आधी नाक ओढतो आणि मग माझ्याकडं बघतो.

घाट अंधारात चढलो. धुकं नव्हतं, नशीब. वर आंबोलीत एका वळणावर दिव्याच्या झोतात रस्त्याकडेला गवा उभा होता, एकटाच, काळाकभिन्न. गाडी थांबवून दिवे मंद केले, हॉर्न वाजवला नाही. तोही तसाच बघत राहिला आणि मग सावकाश झाडीत गेला. पोरं जागी झाली आणि कोल्हापूरपर्यंत परत झोपली नाहीत, कपड्यांच्या बॅगेइतकाच तो गवा आता आमच्या घरी चर्चेत आहे. हिरण्यकेशीला अर्थातच थांबलो नाही.

पावणेबाराला घरी. पाच माणसांचं पेट्रोल, जेवण, दोन गोव्याच्या चड्ड्या, सगळं धरून साडेपाच हजारांच्या आत भागलं. बारक्याला चाचणीत वीसपैकी अकरा पडले, तेवढे एरवीही पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो तर आई कागलच्या मावशीशी फोनवर बोलत होती. शिंपले धुवून खिडकीत वाळत घातलेले. मावशी पलीकडून काहीतरी विचारत असावी, कारण आई म्हणाली, "व्हय व्हय, एकटीच गेलतो. कमरेपर्यंत पाण्यात."

घोट्यापर्यंत. माझ्याकडं फोटो आहेत.